नऊ नंबरची फेरी

नऊ नंबरची गाडी ऑगस्टात मेली आणि सप्टेंबरात तिला महिन्यातल्या उत्कृष्ट गाडीचं बक्षीस मिळालं.

मेली म्हणजे इंजिन जाम झालं. देवजीने हेड खोललं, आत बॅटरी मारून बघितलं आणि परत झाकलं, मढ्याच्या तोंडावरून चादर ओढावी तसं. मग गाडी ढकलत नेऊन शेडमागच्या भेंडीच्या झाडाखाली दगडांवर चढवली. पंधरा दिवसांत तिचं इंजिन भंगारात गेलं, डायनामो दोन नंबरला गेला, स्टार्टर सातला, पुढची दोन्ही चाकं अकराला. आरसा कुणी नेला ते कळलंच नाही. सुपरवायझर निशांतकडे नवीन सुटा भाग मागितला की तो मोबाइलवरून मान वर न करता म्हणायचा, “काका, नऊ आहे ना? तिच्यातनं घ्या.”

देवजीची शेड सारसोळे गावात, खाडीकडच्या अंगाला. आधी तिथे होड्यांची इंजिनं दुरुस्त व्हायची. मावरं म्हणजे मासळी कमी झाली, होड्या कमी झाल्या, आणि शेडमध्ये सुवर्णलता सर्व्हिसेसच्या हिरव्या कचरागाड्या यायला लागल्या. अकरा गाड्या. नेरुळमधल्या सोसायट्यांचा कचरा उचलायचा खाजगी ठेका सुवर्णलताचा, आणि गाड्या चालत्या ठेवायचं काम देवजीचं. मदतीला मुलगा केतन. तिसरं कुणी नाही.

देवजीला काम नवीन नव्हतं. होडीला खारं पाणी खातं, कचरागाडीला कचऱ्याचं पाणी. पत्रा दोन्हीकडे सारखाच पापडासारखा उडतो. फरक एवढाच, की होडीखाली झोपलं तर अंगावर समुद्र गळतो आणि गाडीखाली झोपलं तर अख्ख्या सोसायटीचं कालचं जेवण. काळं, चिकट, मानेवरून बनियनच्या आत जाणारं. देवजी गोणपाट टाकून आत सरकायचा आणि तोंड घट्ट मिटून काम करायचा. बोलायचं असलं तर बाहेर येऊन बोलायचा. त्यामुळे तो दिवसभरात फार कमी बोलायचा.

ठेक्याची अट एकच होती. सकाळी सहाला अकराच्या अकरा गाड्या रस्त्यावर दिसल्या पाहिजेत. न दिसल्या तर दुरुस्तीचं काम तुर्भ्याच्या एका कंपनीला जाणार होतं. तिथे गाडीला वायर जोडून संगणकावर तिचा आजार बघतात. निशांत हे दर सोमवारी सांगायचा. तसा मुलगा वाईट नव्हता. सीवूड्सला फ्लॅट, नवीन लग्न, पोट आत ठेवायला पट्टा. त्यालाही वरून कुणीतरी दर सोमवारी काहीतरी सांगत असणार.

पण दिसणं आणि असणं यात एक यंत्र होतं. प्रत्येक गाडीत काडेपेटीहून थोडं मोठं. ते आकाशातल्या उपग्रहाला सांगायचं की गाडी अमुक गल्लीत आहे, आणि उपग्रह ते सोसायटीवाल्यांच्या मोबाइलवर दाखवायचा. गाडी मेली तरी यंत्र जिवंत होतं. निशांत म्हणाला, “यंत्र फिरवा. गाडीचं मी बघतो.”

नऊचा ड्रायव्हर गाडी मेल्यावर गाव गाठून बसला होता. कागदावर नाव पाहिजे म्हणून निशांतने केतनच्या लायसनची झेरॉक्स लावली. केतन पहिले तीन दिवस यंत्र बाइकवर लावून फिरला. चौथ्या दिवशी निशांतचा फोन. “काका, तुमची कचरागाडी पामबीच रोडला ऐंशीच्या स्पीडने गेली आणि मग दोन तास टपरीवर उभी होती. लोक स्क्रीनशॉट पाठवतायत.”

तेव्हा गोजराने तोडगा काढला. गोजरा देवजीची बायको. रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन मावरं विकायला निघायची. नेरुळच्या त्याच गल्ल्या, त्याच सोसायट्या. प्रत्येक गेटवर चार मिनिटं थांबायची, भाव व्हायचा, पुढे. कचरागाडी अगदी अशीच चालते.

“दे इकडं,” ती म्हणाली. “पाटीत ठेवते. तेवढाच जीव हाय त्याचा.”

जीव तेवढाच होता, पण त्याला जिवंत ठेवणारी स्कूटरची बॅटरी तीन किलोची होती. प्लास्टिकच्या डब्यात यंत्र, डब्याखाली बॅटरी, वर बर्फ, त्यावर बोंबील. दुपारी घरी आली की गोजराची मान डावीकडे वळायची नाही. मग ती डावीकडच्या माणसाशी बोलताना अख्खी फिरायची.

नऊ नंबरने सप्टेंबरात एकही फेरी चुकवली नाही. एका सकाळी गोजरा होडीवर चढून मावरं घ्यायला गेली, तेवढं सोडून. निशांतने घाबरून फोन केला, “काका, नऊ नंबर खाडीत काय करतेय?” देवजी गाडीखालून बाहेर आला, तोंड पुसलं आणि म्हणाला, “धुवाला घेतलीय.”

बक्षीस म्हणून केतनला थर्मास मिळाला. फोटोसाठी दोन नंबरच्या गाडीवर कागदाचा नऊ चिकटवला होता. सोसायटीच्या एका मॅडमनी भाषणात सांगितलं की केतनकडून शिकण्यासारखं आहे. केतन घरी येऊन म्हणाला, “आये, थर्मास तुझा.” गोजराने त्यात बर्फाचं पाणी भरून बघितलं. गळत होता.

यंत्र फिरलं तरी नऊच्या वाटचा कचरा खराच होता. तो उचलायला चार नंबर जायची. चारचा ड्रायव्हर अंकुश आपली फेरी अर्धवट टाकून नऊच्या गल्ल्यांत घुसायचा. चारच्या यंत्राची वायर उंदरांनी खाल्ली होती, त्यामुळे ती कुठे जाते हे आकाशालाही ठाऊक नव्हतं. मोबाइलवर चार नंबर कायम ‘बंद’ दिसायची, पण डोळ्यांना रस्त्यावर दिसायची म्हणून कुणी तक्रार केली नव्हती. अंकुशबरोबर मागच्या फळीवर उभी राहून कचरा भरणारी पुतळा यायची. पुतळा पन्नाशीची, बार्शीकडची, दातांना मिश्री, कानाला रुमाल. सोसायटीच्या गेटवर रोज तिची आणि गोजराची गाठ पडायची.

“काय गं नऊ नंबर,” पुतळा ओरडायची, “हॉर्न तरी वाजीव की!”

“तू उचल कचरा. मी बोंबील विकते. दोघी मिलून एक गारी.”

मग गोजरा तिला दोन-चार मोडके बोंबील पिशवीत घालून द्यायची आणि पुतळा ते गाडीच्या केबिनला, कचऱ्यापासून लांब, टांगून ठेवायची.

ऑक्टोबरात ऊन तापलं. शेडच्या पत्र्याखाली पाना हातात धरवत नव्हता. एका बुधवारी अंकुश चार नंबर घेऊन आला आणि उतरल्या उतरल्या म्हणाला, “देवजीभाऊ, पायडल खाली जातंय. दोनतीनदा मारलं तर ब्रेक लागतो.”

देवजीने बसून पायडल दाबलं. ते हळूहळू खाली गेलं, दमलेल्या माणसासारखं. ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर आतून गेला होता.

“नवीन पायजे,” त्याने निशांतला सांगितलं.

“ऑर्डर टाकतो. तोवर नऊचा काढा.”

“नऊचा दोन महिने सुका पडलाय. आतलं रबर कडक झालंय. त्याचा भरवसा नाय.”

“किती दिवस जाईल?”

इथे देवजी चुकला. होडीवाला असं विचारतो तेव्हा मिस्त्रीने आकडा सांगायचाच असतो. आकडा न सांगणारा मिस्त्री म्हणजे काम न येणारा मिस्त्री. होडीवर ‘आठ दिस’ म्हणजे जपून जा, काठ सोडू नका, लवकर परत या. ते होडीवाल्याला सांगावं लागत नाही. देवजीच्या तोंडून सवयीने निघालं, “आठ दिस.”

निशांतने मोबाइलवर लिहून घेतलं. आठ दिवस. त्याच्यासाठी ती गॅरंटी होती.

देवजीने नऊच्या पोटात हात घातला. तिच्या इंजिनाच्या रिकाम्या जागेत एक कुत्री येऊन बसली होती, पोट टरारलेली. ती गुरगुरली. केतनने तिला पाव टाकला, तेवढ्यात देवजीने सिलिंडर काढला, रॉकेलने धुतला, आतलं रबर अंगठ्याने दाबून बघितलं. रबर अंगठ्याला दबलं नाही. त्याने ते केतनला दाखवलं. केतन म्हणाला, “लाव ना बाबा. उद्या सहाला गारी निघायला पायजे.” देवजीने लावला.

आठव्या दिवशी नवीन सिलिंडर आला नव्हता. देवजीने पहाटे चार नंबरमध्ये बसून पायडल दाबलं. घट्ट लागलं. परत दाबलं. घट्ट. त्याने अंकुशकडे बघून मान हलवली आणि अंकुश निघाला. नवव्या दिवशीही तसंच. दहाव्या दिवशी सातचा क्लच बसला होता म्हणून चार बघायची राहिली.

अकराव्या दिवशी, सव्वासातला, गोजरा एका बंद गल्लीच्या तोंडाशी पापलेटचा भाव करत होती. गिऱ्हाईक बाई डोळे तपासत होती, पापलेटचे. गल्लीच्या आतून चार नंबर मागे येत होती. गल्लीला उतार होता. पुतळा मागे उभी राहून हात हलवत होती. “आन दे... आन दे... बस्स!”

गाडी बस्स झाली नाही.

आवाज फार मोठा आला नाही. ओली गोणी भिंतीवर टाकावी एवढाच. गोजरा अख्खी फिरली, कारण ते डावीकडे होतं. पुतळा गल्लीसमोरच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभी होती आणि गाडी तिला टेकून उभी होती. अंकुशने आरशात बघितलं. मग गाडी पुढे घेतली, म्हणजे पुतळा खाली बसली, आणि गाडी तशीच वळून निघून गेली. केबिनला टांगलेली पिशवी हलत होती.

गोजराने पाटी उतरवली. पाटीतला बर्फ काढून तिने पुतळाच्या कपाळाला लावला. बर्फ कशाला लावला हे तिला नंतरही सांगता आलं नाही. पुतळा काहीतरी बोलायला बघत होती. ओठ हलले, मग नाही हलले. गिऱ्हाईक बाई पापलेट हातात धरून तशीच उभी होती.

पोलीस आले. हवालदाराने विचारलं, “गाडी बघितली?”

“चार नंबर,” गोजरा म्हणाली.

हवालदाराने लिहून घेतलं. मग सोसायटीच्या सेक्रेटरींनी आपला मोबाइल पुढे केला. “हे बघा. सव्वासातला या गल्लीत एकच गाडी आहे. नऊ. चार नंबर तर बंद दाखवतेय.”

हवालदाराने मोबाइल बघितला. मग गोजराकडे बघितलं. तिचे हात लाल होते, त्यातलं मावऱ्याचं किती आणि पुतळाचं किती ते कळत नव्हतं. बाई चुकू शकते, उपग्रह कशाला चुकेल. त्याने चारवर काट मारली आणि नऊ लिहिलं.

गोजराने पाटी उचलली. गल्लीच्या बाहेर आल्यावर तिला डोक्यावरचं वजन जाणवलं आणि ते कशाचं आहे तेही आठवलं.

ती शेडवर पोचली तेव्हा अंकुश नळाजवळ बसून ओकत होता. चार नंबर आडवीतिडवी उभी होती. देवजी तिच्याखाली झोपला होता. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हाताला ब्रेकचं तेल होतं. रबर फुटलं होतं. त्याने तुकडा तळहातावर घेतला होता. नखाएवढा.

“मेली?” त्याने विचारलं.

“मेली.”

देवजीने तुकडा खिशात ठेवला.

बाराच्या सुमाराला निशांत आला आणि त्याच्यामागून तोच हवालदार. हवालदाराच्या हातात कागद होता. गाडी क्रमांक नऊ जप्त करणे. तो शेडमागे गेला आणि भेंडीखाली उभा राहिला. दगडांवर नऊ नंबर. पुढे चाकं नाहीत, दार नाही, दिव्यांच्या जागी भोकं. इंजिनाच्या जागेत कुत्री आणि पाच पिल्लं.

“हिला इंजिन कुठाय?”

 सुवर्णलताने दोन महिने नऊ नंबरच्या फेऱ्या दाखवल्या होत्या. गाडी मेलेली आहे म्हणावं तर ठेका गेला. तो म्हणाला, “सकाळी चालत होती, साहेब. ॲक्सिडेंटनंतर यांनी घाबरून खोलली असणार. पुरावा नष्ट करायला.”

“सव्वासातपासून बारापर्यंत?” हवालदार म्हणाला. “इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, दारं?”

“हात चांगला आहे काकांचा.”

देवजीचं एवढं कौतुक निशांतने याआधी कधी केलं नव्हतं.

हवालदाराने वाकून आत बघितलं. एका पिल्लाने डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. “आणि ही कुत्री? ही पण सव्वासातनंतर व्याली?”

निशांत मोबाइल चाळायला लागला.  हवालदाराने डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. “हे माझ्या लेवलचं नाय. नऊचा ड्रायव्हर कोण?”

निशांतने कागद पुढे केला. त्यावर केतनचा फोटो होता, बक्षीस घेतानाचा.

केतन तेव्हा पाचच्या गाडीला ग्रीस मारत होता. हवालदार म्हणाला, “चल बाबा.” केतन म्हणाला, “मी गारी चालवतच नाय.” हवालदार म्हणाला, “सगळे असंच म्हणतात.” देवजी मध्ये आला, “साहेब, चार नंबर होती,” तर निशांतने त्याच्या दंडाला धरून बाजूला घेतलं.

“काका, ऐका. अपघाताची केस आहे, जामीन होतो. वकील सुवर्णलता देईल. केतनने फक्त ‘हो, मीच होतो’ म्हणायचं. तुमचं काम चालू राहील. नाहीतर उद्या तुर्भ्याहून माणसं येतायत.” मग थोडं थांबून, “आणि ब्रेक कुणी लावला होता, हे पण विचारतील ना. आठ दिवस तुम्हीच बोलला होता. माझ्याकडे लिहिलेलं आहे.”

अंकुश नळाजवळून बघत होता. देवजीने त्याच्याकडे बघितलं तेव्हा त्याने मान खाली घातली आणि नळ सोडून तोंड धुवायला लागला. 

दुपारी घरात कुणी जेवलं नाही. गोजराने भात केला आणि झाकून ठेवला. देवजी उंबऱ्यावर बसला होता.

“त्याला म्हनतात, मी होतो म्हन,” तो म्हणाला.

“आणि तो म्हनंल?”

“बापाचं नाव येतंय म्हनून म्हनंल.”

गोजरा भिंतीकडे बघत होती. “ती मना रोज नऊ नंबर म्हनायची,” ती म्हणाली. मग उठली, पाटी घेतली. पाटीत सकाळचे बोंबील तसेच होते, बर्फ वितळून त्यांचं पाणी झालं होतं. यंत्र खाली सुरूच होतं. “चल.”

“ही पाटी कशाला?”

“माजं कोन ऐकनार? पाटीचं ऐकतील.”

चौकीत चार वाजता फौजदार सुमेधा मॅडम होत्या. तिशीच्या, सांगली बाजूच्या, पंख्याखाली फायली दाबून बसलेल्या. बाकावर केतन. समोरच्या खुर्चीत निशांत.

देवजीने सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं, मग पेन खाली ठेवलं. “म्हणजे कचरागाडी बोंबलाच्या पाटीत हाय.”

“हां.”

“हे मी लिहू? वरिष्ठ मला नाशिकला ट्रेनिंगला परत पाठवतील.”

“लिवू नको,” गोजरा म्हणाली. “बघ. त्याचा मोबाइल घे.”

निशांत म्हणाला त्याच्या मोबाइलला रेंज नाही. मॅडमनी हात पुढे केला. त्याने दिला. नकाशावर हिरवी गाडी होती, तिच्यावर नऊ, आणि ती चौकीत उभी होती. मॅडमनी डोळे बारीक केले. गोजराने पाटी डोक्यावर घेतली आणि बाहेर पडली.

हिरवी गाडी चौकीच्या फाटकातून निघाली. वडापावच्या गाडीपाशी थांबली. मग चौकी आणि शेजारची बँक यांच्यामधल्या बोळात घुसली. तो बोळ दीड हाताचा, आत नुसते पाइप. गाडी त्यातून आरपार गेली, मागच्या बाजूने वळली, पायऱ्या चढली, भिंतीतून आत आली आणि मॅडमच्या टेबलापाशी थांबली. मोबाइलमध्ये बघणारा हवालदार सवयीने बाजूला सरकला.

समोर गोजरा उभी होती. पाटीतून बोंबलाचं पाणी तिच्या कानामागून गळत होतं.

मॅडमनी मोबाइल टेबलावर ठेवला. 

“पंचनामा करा,” मॅडम म्हणाल्या.

हवालदाराने लिहिलं: एक बांबूची पाटी. एक प्लास्टिकचा डबा. एक यंत्र, चालू स्थितीत. एक बॅटरी. बोंबील, अंदाजे दोन किलो, खराब स्थितीत. तो थांबला. “मॅडम, बोंबील सील करायचे?”

“फोटो काढून टाकून द्या.”

“कचऱ्यात?”



मॅडम देवजीकडे वळल्या. आता त्यांचा आवाज बदलला होता. “काका, पोरगा सुटेल. अंकुशला आणायला माणूस पाठवते. पण गाडीला ब्रेक नव्हता, आणि ब्रेक तुम्ही लावला. कुणाच्या सांगण्यावरून?”

देवजीने निशांतकडे बघितलं. निशांत पोटाचा पट्टा सारखा करत होता. “मी फक्त विचारलं होतं, मॅडम, किती दिवस जाईल. काकांनी आठ सांगितले. माझं लेखी आहे.”

“तुमचं काही लेखी, काका?”

“आमचा तोंडी असतो.”

“तोंडी म्हणजे कुणाचंच नसतं.” त्यांनी चार ओळी लिहिल्या, कागद फिरवला. “वाचून दाखवते. सुकलेला सिलिंडर मी स्वतः बसवला, मला त्याची कल्पना होती. इथं सही करा. मग पोरगा घरी.”

देवजीने खिशातून रबराचा तुकडा काढून कागदावर ठेवला. पेन घेतलं. टोपण काढलं. सही केली नाही.

“अजून हाय,” तो म्हणाला.

“काय?”

“एक नंबरला हँडब्रेक नाय. डायवर उतरला का चाकाखाली दगड ठेवतो. पाचाचं स्टेरिंग बोटभर सैल हाय. आठची कचरा दाबनारी मागची पट्टी मध्येच आपोआप खाली येते, कचरा भरनाऱ्याचा हात आत असला तरी.”

“तेवढं मी विचारलं नाही.”

“लिवा ना.”

निशांत उभा राहिला. “काका, डोकं फिरलंय का? गाड्या उभ्या राहिल्या तर उद्यापासून काम कुणाचं जाणार? तुमचंच!”

“बाबा,” केतन बाकावरून म्हणाला. सकाळपासून त्याने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. “सही कर ना. घरा चल.”

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. “हे बघा, काका. मी हे लिहिलं तर सगळ्या गाड्या अडकतील. आणि प्रत्येक गाडीला हात कुणाचा लागलाय? तुमचा. एका ठिकाणी अडकताय, अकरा ठिकाणी कशाला अडकता?”

“सकाली सहाला तशाच निघतील त्या,” देवजी म्हणाला.

मॅडमनी गोजराकडे बघितलं. बायका कधी कधी नवऱ्याला आवरतात. गोजरा अख्खी फिरून उभी राहिली, त्यांच्याकडे तोंड करून.

“फलीवर बायकाच उभ्या रातात,” ती म्हणाली. “लिवा त्यांचा.”

मॅडमनी घड्याळ बघितलं. सहाला दहा कमी. ड्युटी संपत आली होती. त्यांनी चार ओळींचा कागद बाजूला ठेवला, कोरा घेतला, मग आणखी दोन घेतले. “सावकाश सांगा. एक नंबरपासून.”

देवजी सांगायला लागला. एरवी गाडीखालून बाहेर आल्याशिवाय न बोलणारा माणूस. एक, दोन, तीन. चारशी आला तेव्हा थांबला, पाणी प्यायला, आणि पुतळा उभी राहायची ती फळी आपणच वेल्डिंग केली होती, हे सांगितलं. नियमात बसत नाही, पण तिचे गुडघे दुखायचे. तेही लिहिलं गेलं. पाच. मग सातचा क्लच. आठ. निशांत फोन लावत बाहेर गेला होता आणि बाहेरून त्याचा ‘सर, सर’ एवढाच आवाज येत होता. दहा. अकराला नऊची चाकं, त्यांचे टायर गुळगुळीत.

“झालं?”

“झालं.”

देवजीने सहीसाठी पेन घेतलं. बाकाची फळी करकरली. केतन उठून टेबलापाशी आला होता. मोकळ्या पोराने आता घरी जायला हरकत नव्हती, दार उघडंच होतं.

“सहाचं रायलं, बाबा.”

“सहाला काय हाय?” देवजीने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

“मागच्या उजव्या चाकाला दोनच नट हायत. बाकीचे मिलाले नायत, तू जेवायला गेलावतास.”

मॅडमनी पेन टेकवलं. “कुणी लावले?”

केतन खाकरला. ग्रीसचे हात त्याने पँटला पुसले, जणू ते कागदाला लागणार होते.

“मी,” तो म्हणाला. “केतन देवजी. लिवा.”